बातमीतलं जहाज आणि ‘बंदराची बाजू’

संपादकसाहेब, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एका कंटेनर जहाजाला भर समुद्रात आग लागल्याची बातमी होती, आणि त्यात एक वाक्य होतं की आगीचे लोट आधी ‘जहाजाच्या बंदराच्या बाजूला’ दिसले. मी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. त्याच बातमीत वरच्या ओळीत लिहिलंय की जहाज किनाऱ्यापासून कितीतरी मैल लांब होतं, मग तिथे बंदर कुठून आलं? माझ्याबरोबर जहाजावर असलेल्या एका मित्राला फोन करून वाचून दाखवलं तर तो म्हणाला अरे पोर्ट साइड असेल ती, इंग्रजीतनं जसंच्या तसं उचललंय. म्हटलं ते मलाही कळलं रे, पण जो कधी जहाजावर चढलेला नाही त्याने काय समजायचं? त्याला वाटणार बंदर जवळ होतं तरी आग विझवायला कोणी गेलं नाही, केवढा हा निष्काळजीपणा.

पोर्ट म्हणजे बंदर हे बरोबरच आहे, पण जहाजावर पोर्ट म्हणजे डावी बाजू, आणि स्टारबोर्ड म्हणजे उजवी. आणि डावी म्हणजे तुमची डावी नव्हे हो, जहाजाची डावी. सगळी गोम इथेच आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलोय. मी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी सुकानी म्हणून, म्हणजे जहाजाचं चाक हातात धरून उभा राहणारा माणूस. शिक्षण बेताचं, पण या दोन शब्दांवर तेवढं अधिकाराने बोलू शकतो कारण दिवसातनं शंभर वेळा ते तोंडात असायचे.

लोक विचारतात की डावं उजवं म्हटलं तर काय बिघडतं, उगाच पोर्ट आणि स्टारबोर्ड कशाला. काय बिघडतं ते मी स्वतः बिघडवून बघितलंय. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते, जहाज एका ठिकाणी पुढून मागून बोयांना, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपांना, बांधून ठेवलं होतं, मागच्या बाजूला दोन जाड दोर, एक या कडेने एक त्या कडेने, आणि मी पिछाडीला कठड्यापाशी उभा, तोंड मागे समुद्राकडे. वरून कोणीतरी माझ्यासारखाच नवशिका ओरडला, डावीकडचा सैल सोड! मी माझ्या डाव्या हाताचा सोडला. आता ज्याचं तोंड मागे त्याचा डावा हात म्हणजे जहाजाची उजवी बाजू, आणि वारा त्या वेळी असा होता की नेमका तोच दोर जहाजाला धरून होता. पिछाडी हळूहळू सरकायला लागली, दुसऱ्या दोरातनं एक आवाज यायला लागला, करकर नाही, एक बारीक सूर धरल्यासारखा आवाज, ज्याने तो ऐकलाय त्याला माहीत आहे की त्या आवाजानंतर दोर तुटतो आणि तुटलेला दोर माणसाचे पाय घेऊन जातो. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, कुठून धावत आला कळलं नाही, त्याने पहिलं काम केलं ते मला मागे खेचायचं, दुसरं काम दोर परत घ्यायला लावायचं, आणि सगळं शांत झाल्यावर माझे दोन्ही खांदे धरून मला गर्रकन फिरवलं, तोंड जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि म्हणाला, आता सांग डावा कुठला. मी सांगितला. म्हणाला, हा पोर्ट. तू झोपलास तरी हाच पोर्ट, उलटा टांगलास तरी हाच पोर्ट. संध्याकाळी त्याने मागच्या दोन्ही बाजूंच्या खुंटांवर माझ्याकडूनच रंगाचे पट्टे मारून घेतले, एकावर लाल एकावर हिरवा.

तर मुद्दा असा की जहाजावर माणसं चहूकडे तोंडं करून काम करत असतात, कोणी पुढे बघतोय कोणी मागे, कोणी शिडीवर आडवा लटकलाय, कोणी खाली इंजिनात पाठमोरा. तिथे डावं उजवं म्हटलं की जितकी माणसं तितके डावे. म्हणून बाजू जहाजालाच देऊन टाकल्या, माणसाकडे ठेवल्याच नाहीत. पुढे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे येते ती पोर्ट, उजवीकडे येते ती स्टारबोर्ड, आणि नंतर तुम्ही कुठेही वळा, नावं बदलत नाहीत. डॉक्टर लोकांचंही असंच असतं ना, ते समोर उभे असतात तरी डावा पाय म्हणजे पेशंटचा डावा पाय, डॉक्टरच्या डाव्या हाताला दिसतो तो नव्हे, नाहीतर भलताच पाय कापला जायचा. नदीचंही तसंच, डावा काठ उजवा काठ ठरवताना प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करायचं.

आता हे शब्द आले कुठून. मला सुरुवातीला वाटायचं की स्टारबोर्ड म्हणजे ताऱ्यांची बाजू असेल, रात्री तारे बघून जायचे वगैरे, छान वाटायचं ऐकायला. ताऱ्यांचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत स्टेओरबोर्ड असा शब्द होता, म्हणजे सुकाणू मारायची बाजू. जहाजाच्या बरोबर मागे मधोमध सुकाणू बसवायची पद्धत युरोपात साधारण बाराव्या शतकात आली, त्याआधी तिकडे मागच्या बाजूला कडेला एक मोठं वल्हं बांधलेलं असायचं आणि त्याने जहाज वळवायचे. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून ते वल्हं उजव्या कडेला. नॉर्वेमध्ये जमिनीतनं खणून काढलेली अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीची जहाजं आहेत, १८८० साली सापडलेलं गोकस्ताड आणि १९०४ साली खणून काढलेलं ओसेबर्ग, दोन्हींना सुकाणूचं वल्हं उजवीकडेच आहे. जर्मन लोक आजही श्टॉयरबोर्ड म्हणतात. आणि डावीला ते बाकबोर्ड म्हणतात, म्हणजे पाठीची बाजू, कारण उजवीकडचं वल्हं दोन्ही हातांनी धरून उभं राहिलं की सुकाणूवाल्याची पाठ डावीकडे यायची. हे मला कळलं तेव्हा फार मजा वाटली, हजार वर्षांपूर्वी एक माणूस कसा उभा राहायचा ते एका शब्दात अजून तसंच्या तसं उभं आहे.

उजवीकडे वल्हं असल्यामुळे ती बाजू धक्क्याला लावता यायची नाही, वल्हं चिरडलं असतं. मग धक्क्याला लागायची डावी बाजू, माल चढवायचा तो तिकडनंच. म्हणून इंग्रजीत डावीला आधी लाडबोर्ड, माल लादायची बाजू, असं नाव पडलं आणि बोलता बोलता स्टारबोर्डच्या वजनावर त्याचं लारबोर्ड झालं. इथे घोळ झाला. स्टारबोर्ड, लारबोर्ड. वादळात, वारा कानात शिरतोय, शिडं फडफडतायत, कोणीतरी ओरडलं की शेवटचं ‘आरबोर्ड’ तेवढं ऐकू येणार. डावं का उजवं हे ठरवायला अर्धा शब्द पुरत नाही आणि तेवढ्यात जहाज खडकावर. म्हणून मग पोर्ट हा शब्द, जो आधीपासून थोडाफार वापरात होता, तो पक्का केला. ब्रिटिश नौदलाने १८४४ साली हुकूम काढला की यापुढे लारबोर्ड म्हणायचं नाही, अमेरिकन नौदलाने १८४६ साली. तर पोर्ट साइडमध्ये बंदर आहे हे खरंच, पण ते नावापुरतं, जसं आपण एखाद्याला पाटील म्हणतो म्हणून त्याच्याकडे गावाची पाटीलकी असतेच असं नाही. बातमी लिहिणाऱ्याने भाषांतर केलं म्हणून मी रागावलो नाहीये, राग याचा की भर समुद्रात बंदर कसं असेल हा प्रश्नही कोणाला पडला नाही.

याच्याहून मोठा घोळ चाकाच्या हुकमांचा होता आणि तो मात्र कितीतरी वर्षं चालला. छोट्या होडीत सुकाणूला एक दांडा असतो. तो दांडा उजवीकडे ढकलला की पाण्यातलं पातं डावीकडे जातं आणि होडीही डावीकडे वळते. जुने हुकूम त्या दांड्याला उद्देशून असायचे, म्हणजे कॅप्टन म्हणाला स्टारबोर्ड की दांडा स्टारबोर्डला न्यायचा आणि जहाज वळणार पोर्टला! पुढे दांडा गेला, चाक आलं, पण हुकूम तेच राहिले. १४ एप्रिल १९१२च्या रात्री टायटॅनिकसमोर हिमनग आला तेव्हा अधिकाऱ्याने हुकूम दिला हार्ड अ स्टारबोर्ड, आणि चाक फिरवलं गेलं डावीकडे, आणि ते अगदी बरोबर होतं. जहाजाचं तोंड डावीकडे वळलं, पण पुरेसं नाही, आणि हिमनग उजव्या म्हणजे स्टारबोर्ड बाजूला घासला. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात बघा, हुकूम उजवीकडे आणि जहाज डावीकडे, म्हणजे सुकानी चुकला. नाही चुकला हो. त्या काळात त्या हुकमाचा अर्थच तो होता, चाकावरच्या माणसाने केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. एक सुकानी म्हणून हे सांगायची संधी मी कधीच सोडत नाही, घरात सगळे वैतागलेत ऐकून ऐकून.

नंतर १९२९ साली लंडनला समुद्रावरच्या सुरक्षेची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि त्यात ठरलं की हुकूम सरळ द्यायचे, स्टारबोर्ड म्हटलं की चाक, पातं आणि जहाजाचं तोंड सगळंच स्टारबोर्डला. १९३३ पासून ते लागू झालं. ज्यांनी वीस वर्षं उलट हुकूम ऐकून चाक फिरवलं असेल त्यांचं पहिल्या काही दिवसांत काय झालं असेल, मला तर विचार करूनच हाताला घाम येतो.

आता हुकूम कसा चालतो ते सांगतो, म्हणजे एवढी काटेकोर भाषा का लागते ते कळेल. पुढे पायलट उभा, विमानाचा नव्हे, बंदराजवळ वाट दाखवायला जहाजावर येतो तो, तो म्हणतो पोर्ट टेन. मी लगेच काही करत नाही, आधी मोठ्याने म्हणतो पोर्ट टेन. मग चाक फिरवतो, समोरच्या काट्यावर बघतो, काटा डावीकडे दहा अंशांवर आला की परत सांगतो, व्हील पोर्ट टेन सर. तो म्हणतो थँक्यू. तीनदा तोच शब्द. नवीन पोरांना वाटतं काय ही पोपटपंची, पण पायलट एका देशाचा, कॅप्टन दुसऱ्या, मी तिसऱ्या, प्रत्येकाची इंग्रजी आपापल्या गावची, तिथे लेफ्ट आणि राइटमध्ये गडबड होऊ शकते (राइट म्हणजे उजवं का राइट म्हणजे बरोबर, ‘राइट सर’ म्हणालो तर काय समजायचं?) पण पोर्ट आणि स्टारबोर्ड कानाला एकमेकांसारखे अजिबात लागत नाहीत. आणि कोर्स, म्हणजे जहाज न्यायची दिशा, सांगायचा झाला तर आकडेसुद्धा सुटे, ब्याऐंशी नाही म्हणायचं, झीरो एट टू म्हणायचं.

एवढं करून चुका होत नाहीत असं नाही. इटलीतलं कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रवासी जहाज, १३ जानेवारी २०१२, जिल्यो बेटाजवळ. त्या वेळी खडकाजवळ पोचल्यावर शेवटच्या क्षणी पोर्टचा हुकूम दिला गेला आणि सुकान्याने आधी स्टारबोर्डला फिरवलं, मग सुधारलं, त्यात काही सेकंद गेले. चौकशीत हेही नोंदलंय की तेवढे सेकंद वाचले असते तरी जहाज वाचलं असतं असं नाही, मूळ चूक एवढं जवळ नेण्याची होती. पण मला त्या अपघातातली दुसरी गोष्ट आपल्या बातमीदारांना सांगायची आहे. खडकाने जहाज फाडलं ते पोर्ट बाजूला. आणि पुढे जहाज कलंडून आडवं पडलं ते स्टारबोर्ड बाजूवर. म्हणजे भोक एकीकडे आणि पडलं दुसरीकडे. त्यामुळे फोटोत वर आलेल्या बाजूला ती भलीमोठी फट आणि त्यात अडकलेला दगड दिसत होता. आता हे डाव्या-उजव्यात लिहायला घ्या, वर फोटो समोरून काढलेला का मागून हेही वाचकाला माहीत नाही, बघा काय खिचडी होते ती. पोर्ट आणि स्टारबोर्ड लिहिलं की एका ओळीत विषय संपतो. ३२ माणसं गेली त्यात, खिचडी करण्यासारखा विषय नाही तो.

दिव्यांचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. रात्री प्रत्येक जहाजाच्या पोर्टला लाल आणि स्टारबोर्डला हिरवा दिवा असतो. लक्षात ठेवायला इंग्रजीवाल्यांकडे बऱ्याच क्लृप्त्या आहेत पण मराठीत याहून सोपं आहे आणि हे मी स्वतः शोधलंय असा माझा दावा आहे, कोणी आधी शोधलं असेल तर त्याला नमस्कार. डावा, लाल, पोर्ट, तिन्ही दोन अक्षरी. उजवा, हिरवा, तीन अक्षरी, आणि वर यमकही जुळतं. स्टारबोर्ड चार अक्षरी आहे, तो जरा बसत नाही, पण लांब शब्द मोठ्या गटात टाकायचा, झालं. माझ्या नातीला पाच मिनिटांत पाठ झालं.

हे दिवे नुसते शोभेचे नाहीत. प्रत्येक दिवा बरोबर समोरपासून सुरू होऊन आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो, म्हणजे आडव्या रेषेच्या थोडा मागेपर्यंत, आणि उरलेले १३५ अंश मागचा पांढरा दिवा सांभाळतो, बेरीज करून बघा ३६० होते. त्यामुळे अंधारात जहाज अजिबात दिसत नसलं तरी ते कुठे चाललंय ते कळतं. लाल दिसला म्हणजे त्याची पोर्ट बाजू माझ्याकडे आहे, म्हणजे ते माझ्या डावीकडे सरकणार. हिरवा दिसला तर उजवीकडे. दोन्ही एकदम दिसले तर मात्र झोप उडते, ते सरळ तुमच्याच अंगावर येतंय. इंजिनावर चालणारी दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं आणि पोर्टला पोर्ट करून निघून जायचं, हा १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम, लागू झाला १९७७ला. आणि आडवं येणारं जहाज तुमच्या स्टारबोर्डला असेल तर तुम्ही वाट द्यायची. त्या वेळी तुम्हाला त्याचा लालच दिसत असतो, म्हणजे सिग्नलसारखंच, लाल दिसला की तुम्ही थांबा. भोंग्याचंही ठरलेलं आहे, एक छोटा भोंगा म्हणजे मी स्टारबोर्डला वळतोय, दोन म्हणजे पोर्टला, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय, आणि पाच भराभर वाजले तर समजायचं की समोरचा तुम्हाला विचारतोय, बाबा तुझं चाललंय तरी काय.

विमानांनी हेच दिवे उचलले, डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा. अंतराळ स्थानकात तर वर-खालीसुद्धा धड नाही पण पोर्ट-स्टारबोर्ड आहे, त्याच्या लांबच लांब सांगाड्याच्या तुकड्यांना पी वन, एस वन अशी नावं आहेत ती पोर्ट आणि स्टारबोर्डचीच. व्हायकिंगच्या वल्ह्यापासून निघालेला शब्द चारशे किलोमीटर वर जाऊन बसलाय. फक्त समुद्रातल्या बोयांच्या रंगांवर मात्र जगाचं एकमत झालं नाही. बंदरात शिरताना बहुतेक जगात लाल बोया पोर्टला ठेवायचा, पण दोन्ही अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्सला तो स्टारबोर्डला. जहाज तेच, आपण तेच, आणि महासागर ओलांडला की डोक्यातला स्विच उलटा करायचा. यावर काही बोलण्यात अर्थ नाही.

पुढच्या-मागच्याबद्दलही थोडं सांगतो कारण त्यातही आपल्या बातम्यांचे बळी पडलेत. जहाजाचं पुढचं टोक म्हणजे बो. मी मोबाइलवर एका ठिकाणी ‘जहाजाचे धनुष्य खडकावर आदळले’ असं वाचलंय, रामाच्या शपथेवर सांगतो. बो म्हणजे धनुष्यही होतं आणि जहाजाचं नाकही, पण त्याला मराठीत चांगला शब्द आहे ना, नाळ. होडीवाले रोज म्हणतात. मागचं टोक म्हणजे स्टर्न, त्याचं कोणी ‘कठोर भाग’ केलेलं अजून माझ्या बघण्यात नाही पण मी वाट बघतोय. पिछाडी म्हणा की सरळ. मधे असेल तर मिडशिप. जहाजाला काटकोनात, अगदी आडवं बाजूला काही असेल तर ते बीमवर आहे म्हणतात, कारण जहाजाची आडवी तुळई म्हणजे बीम. नाळ आणि बीम यांच्या मधे असेल तर पोर्ट बो किंवा स्टारबोर्ड बो, बीम आणि पिछाडीच्या मधे असेल तर क्वार्टर. म्हणजे जहाजाभोवती एक अख्खं घड्याळच आहे समजा, आणि ते जहाजाबरोबर फिरतं. उत्तर दक्षिण वेगळं, ते होकायंत्राचं, ते जागचं हलत नाही. जुने लोक या वर्तुळाचे ३२ भाग करायचे, एकेक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा.

आणि वाऱ्याची बाजू. ही एकच बाजू जहाजाची नाही, ती वाऱ्याच्या मर्जीवर. वारा जिकडून लागतो ती वाऱ्याची बाजू, दुसरी आडोशाची. पायलट होडीतून येतो तेव्हा त्याच्यासाठी दोराची शिडी आडोशाच्या बाजूला सोडतात, आणि तो आधी रेडिओवर सांगतो की शिडी पोर्टला लाव, पाण्यापासून एक मीटर वर. तो खाली लाटेवर उसळणाऱ्या होडीत उभा असतो, तेव्हा शिडी भलत्या बाजूला लावली तर त्याच्या जिवाचा प्रश्न. नवशिक्याला ही बाजू कोणी शिकवत नाही, ती आपोआप शिकतो, पहिल्यांदा बादलीतलं घाण पाणी वाऱ्याच्या बाजूला फेकलं की ते सगळं परत तोंडावर येतं, दुसऱ्यांदा कोणी फेकत नाही.

कोणी म्हणेल की सगळे शब्द इंग्रजीच वापरायचे का. मी तसा आग्रह धरत नाही. आपल्याकडच्या खलाशांची शिडाच्या जहाजांवर स्वतःची एक मिश्र बोली होती, पोर्टला डावा म्हणायचे आणि स्टारबोर्डला जमना, जमणा म्हणजे गुजरातीत उजवा. नाळेकडचं ते अगिल आणि पिछाडीचं ते पिछिल. इंग्रज अधिकाऱ्यांना ती बोली शिकावी लागायची, एकाने तर १८११ साली तिचा शब्दकोशच छापला होता. आणि बघा, त्या खलाशांचा डावासुद्धा जहाजाचाच डावा होता, बोलणाऱ्याचा नव्हता. म्हणून मराठीत लिहायचंच असेल तर ‘जहाजाची डावी कुशी’ लिहा आणि एकदाच ‘नाळेकडे तोंड केल्यावर’ एवढं जोडा, चालेल, मी तक्रार करणार नाही. नाहीतर सरळ पोर्ट आणि स्टारबोर्ड लिहा, ज्या वाचकाला गोलंदाजाचा गुगली आणि दूसरा कळतो त्याला हे दोन शब्द जड जाणार नाहीत.

जाता जाता अजून दोन बारीक गोष्टी. एक, ‘ताशी वीस नॉट’ लिहू नका. नॉटमध्ये तास आधीच आहे, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, नुसतं वीस नॉट पुरे. दोन, रविवारच्या पुरवणीत मागे एक चौकट होती की पॉश हा शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ वरून आला, श्रीमंत लोक सावलीच्या बाजूच्या केबिन घ्यायचे वगैरे. कथा झकास आहे पण तिला पुरावा कोणालाच सापडलेला नाही, तशी तिकिटं कोणी दाखवू शकलेलं नाही, तेव्हा पुढच्या वेळी ‘असं म्हणतात’ एवढं तरी घाला.

बातमीचं कात्रण सोबत जोडतोय. ‘बंदराच्या बाजूला’ला लाल पेनाने गोल केलाय, पोर्ट असल्यामुळे. त्याच बातमीत पुढे ‘उजवीकडील बाजू’ आहे, तिथे हिरव्याने करणार होतो पण बातमी पूर्ण वाचूनही ती जहाजाची उजवी का फोटोतली उजवी ते मला कळलं नाही, म्हणून तिथे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. बातमीदाराला विचारून कळवलंत तर बरं होईल, आग नक्की किती पसरली होती ते त्यावर अवलंबून आहे.

आपला,
एक निवृत्त सुकानी